मातृभाषेच्या रकान्यात काय लिहू?

जून महिन्यात शाळा उघडली की आम्हा शिक्षकांचे पहिले पंधरा दिवस कागद भरण्यात जातात. नाव, जन्मतारीख, धर्म, जात, आधार क्रमांक, बँकेचे खाते. त्यातच एक लहानसा रकाना असतो, मातृभाषा. मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. उर्दू आणि मराठी हे माझे विषय. जवळजवळ वीस वर्षे मी त्या रकान्यात विचार न करता 'उर्दू' लिहीत आले. शाळा उर्दू, मूल मुसलमान, मग मातृभाषा दुसरी कोणती असणार?

तीन वर्षांपूर्वी पाचवीत दाखल झालेल्या एका मुलीच्या आजोबांनी मला तिथेच थांबवले. ते तडवी समाजाचे. सत्तरी ओलांडलेली, डोक्याला पांढरा रुमाल, सगळी हयात दुसऱ्याच्या केळीच्या बागेत पाणी भरण्यात गेलेली. माझे पेन 'उ'वर टेकले होते. ते म्हणाले, "मॅडम, उर्दू शिकायला तर पोरीला तुमच्याकडे आणली. घरात आम्ही तडवी बोलतो. मग तिथे काय लिहाल?"

मी हसून म्हणाले, "चाचा, तेवढ्याने काय फरक पडतो?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "पडतो, बेटी. असाच एक रकाना कुणीतरी घाईत भरला होता. त्याच्यापायी माझ्या पोराची नोकरी गेली."

त्या दिवशी फॉर्म तसाच ठेवून मी त्यांची हकीकत ऐकली. ती पुढे सांगतेच. पण ती नीट कळायची तर आमचा हा मुलूख, इथली माणसे, त्यांची शेती आणि त्यांच्या बोली आधी समजून घ्यायला हव्यात.

डोंगर आणि नदी यांच्या मधला पट्टा

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. यांच्या मधल्या सपाट काळ्या जमिनीच्या पट्ट्यात चोपडा, यावल आणि रावेर हे तालुके येतात. रावेरच्या पुढे मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर लागते. आज मध्ये राज्याची सीमा आहे, पण कित्येक शतके हा एकच मुलूख होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस मलिक राजाने थाळनेरला फारुकी घराण्याचे राज्य उभे केले. पुढे त्याच्या मुलाने, नासिर खानने, तापीकाठी शहर वसवले आणि खुलताबादला विसावलेले सुफी बुजुर्ग हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. तेच बऱ्हाणपूर. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचे राज्य संपले. इंग्रजांनी १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. आमचा पूर्व खानदेश म्हणजेच आजचा जळगाव जिल्हा.

राज्यकर्ते आले आणि गेले. जमीन कसणारी माणसे मात्र राहिली, आणि नवी येत राहिली. आमच्या एका मध्यम आकाराच्या गावात फिरलात तर लेवा पाटीदार, गुजर, मराठा, कोळी, माळी, बौद्ध, तडवी, भिल्ल अशी घरे भेटतील. मुसलमानांतच पठाण, शेख, मण्यार, पिंजारी, बागवान, खाटीक असे मोहल्ले. नदीकाठी कोळी समाज जास्त. डोंगराच्या कुशीत पाड्यांवर पावरा आदिवासी. कापूस वेचणीच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसांत बंजारा तांड्यांवरची कुटुंबे रस्त्याने जाताना दिसतात.

या पट्ट्याने देशाला मोठी माणसेही दिली. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते, पण शेतात काम करता करता त्यांनी रचलेली गाणी आज मराठीच्या पाठ्यपुस्तकांत भेटतात. २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेले भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. आणि आमचे फैजपूर! डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन इथेच झाले. अध्यक्ष होते पंडित नेहरू. गांधीजीही आले होते. शेतसारा आणि खंड कमी करावा, शेतकऱ्याच्या कर्जाचा भार हलका करावा, असा शेतीविषयक कार्यक्रम तिथे मंजूर झाला. शेतकऱ्याचे दुःख देशापुढे मांडायला हा मुलूख निवडला गेला, हे मी दरवर्षी मुलांना सांगते.

एका घडामागचे हात

इथली शेती म्हणजे केळी. कापूस, ज्वारी, मका, तूर, हरभरा, गहू हे सगळे पिकते, पण गावाचे घड्याळ केळीवर चालते. महाराष्ट्रात केळीचे सर्वांत जास्त क्षेत्र आमच्या जिल्ह्यात आहे. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी भरिताच्या वांग्यालाही मिळाले. आमच्या भागात ते वांगे कपाशीच्या काड्यांवर भाजतात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खातात.

केळीची लागवड वर्षातून मुख्यतः दोनदा होते. मृगाच्या पावसाला धरून जून-जुलैत लावतात तो मृगबाग आणि पावसाळा सरताना लावतात तो कांदेबाग. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरात सतराशेच्या वर झाडे बसतात. पूर्वी बसराई, श्रीमंती अशा वाणांचे कंद लावत. आता बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळेत वाढवलेली ग्रँड नैनची रोपे आणि ठिबक सिंचन दिसते. लागवडीपासून वर्षभरात घड कापणीला येतो. पहिल्या पिकाला नवती म्हणतात. त्याच बुंध्याशी आलेल्या पिलापासून पुढचे पीक घेतले की तो पिलबाग. बाजारभाव सांगतानाही नवती आणि पिलबाग वेगवेगळे सांगतात.

ही बाग जितकी हिरवी दिसते तितकीच नाजूक असते. हिवाळ्यात थंडी कडक पडली की चरका बसतो, पाने पिवळी पडून वाढ थांबते. पानांवर करपा येतो. हरण्या रोग आला तर झाड उपटून टाकण्यावाचून इलाज नसतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. आणि मे-जूनच्या वादळात वर्षभराची कमाई अर्ध्या तासात आडवी होते. माझ्या सासऱ्यांनी एकदा दोन एकर बाग बटाईने केली होती. कापणीला पंधरा दिवस असताना वादळ आले. त्या संध्याकाळी ते बांधावर बसून राहिले होते. मगरिबची अजान झाली तेव्हा उठले, नमाज पढले आणि परत तिथेच जाऊन बसले. त्यांनी त्यानंतर बाग केली नाही.

आता कापणीच्या दिवसाकडे या, म्हणजे मला काय सांगायचे आहे ते दिसेल. बाग बहुधा लेवा पाटीदार किंवा गुजर शेतकऱ्याची. वर्षभर पाणी आणि राखण पाहणारा सालदार तडवी किंवा पावरा. घड कापणारी आणि डोक्यावरून बांधापर्यंत वाहणारी टोळी तडवी, भिल्ल, मुसलमान, बौद्ध अशी मिसळलेली. ट्रक भरणारा, चालवणारा आणि पुष्कळदा व्यापाऱ्याचा माणूस म्हणून घड पारखणारा आमच्या मोहल्ल्यातला. रावेर, सावदा आणि निंभोरा या स्टेशनांतून केळी रेल्वेने दिल्लीकडे जाते, हे तर जुनेच चित्र आहे. आता आखाती देशांतही जाते. रमजानमध्ये मागणी वाढते. आपण इफ्तारला खजुराशेजारी केळी ठेवतो, त्या फळामागे इतक्या वेगवेगळ्या घरांचा घाम असतो, हे माझ्या विद्यार्थ्यांना सांगायला मला फार आवडते.

भाव मात्र या सगळ्यांच्या हातात नसतो. फलकावरचा भाव एक आणि बांधावर पदरात पडणारा दुसरा, ही शेतकऱ्याची नेहमीची तक्रार. आणि शेतकऱ्याला कमी मिळाले की सर्वांत आधी मजुराचा रोज अडकतो.

पाणी खोल चालले आहे

केळीला बारमाही पाणी लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे, वाळू आणि मातीचा जाड थर आहे. भूजलाचे जाणकार त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावर पडलेला पाऊस या थरातून झिरपतो आणि खालच्या मैदानात विहिरींना उतरतो. बऱ्हाणपूरच्या कारागिरांनी हे चारशे वर्षांपूर्वी ओळखले होते. अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तिथे जमिनीखालून उताराने शहरापर्यंत पाणी आणणारा कुंडी भंडारा बांधला गेला. इराणातल्या कनातीसारखी ही रचना आहे. तिला उपसा लागत नाही, कारण जेवढे झिरपेल तेवढेच ती घेते.

आम्ही मात्र जेवढे झिरपते त्याहून जास्त उपसतो. यावल आणि रावेर हे तालुके अतिउपशाचे म्हणून सरकारी नोंदीत आले आहेत. माझ्या लहानपणी विहिरीत डोकावले की पाणी दिसायचे. आता शेकडो फूट खोल कूपनलिका घेतात आणि तरी दोन-चार वर्षांत आणखी खाली जावे लागते. ज्याच्याकडे पैसा आहे तो खाली जाऊ शकतो. ज्याची दोन एकर कोरडवाहू आहे तो मजुरीला जातो. तडवी आणि पावरा कुटुंबांपैकी बहुतेक दुसऱ्या गटात मोडतात.

पाण्याबरोबर शब्दही खोल जातात. चाचांनी एकदा आमच्या वर्गात येऊन मुलांना मोट समजावून सांगितली. बैल उतरतात ती धाव, जाड दोर तो नाडा, बारीक दोर तो सोंदूर, मोट ओतते ते थारोळे. एकाही मुलाला यातला एकही शब्द माहीत नव्हता. खरे सांगायचे तर दोन मलाही नव्हते. मोट परत यावी असे मी म्हणत नाही. पण विहिरीत किती पाणी आहे हे मोटेच्या आवाजावरून ओळखणारी पिढी आपले ज्ञान ज्या शब्दांत सांगत होती, ते शब्द समजणारे कोणी उरले नाही तर ज्ञान कुठे जाईल?

आठवडी बाजारात ऐकलेल्या बोली

आमच्या आठवडी बाजारात तासभर उभे राहा. भाजीवाली लेवा बाई 'केळी'ला 'केयी' म्हणेल आणि 'डोळा'ला 'डोया'. लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. पश्चिमेकडून आलेला व्यापारी अहिराणीत विचारेल, "तुन्हं नाव काय शे?" अहिराणीत 'आहे'ला 'शे'. गुजर बाया आपापसांत गुजरी बोलतात. सातपुड्यातून डिंक, मोहफुले, चारोळी घेऊन उतरलेले पावरा लोक पावरी बोलतात, जी आम्हाला फारशी कळत नाही. होळीच्या आधी त्यांचा भोंगऱ्या बाजार भरतो तेव्हा ढोलाच्या आवाजात तीच बोली सगळीकडे असते. बंजारा माणूस भाकरीला 'बाटी' म्हणतो, त्याची ती गोरबोली. आणि आम्ही मुसलमान? आम्ही सौदा करतो मराठीत, मोबाइलवर बोलतो ते "मेरेकू मालूम नही" अशा आमच्या घरच्या बोलीत, आणि शाळेत मुलांना लिहायला लावतो "मुझे मालूम नहीं".

जॉर्ज ग्रियर्सनने भारतातल्या भाषांची पाहणी केली तेव्हा १९०७ च्या खंडात खानदेशीला मराठीच्या पोटात न घालता भिल्लांच्या भाषांबरोबर ठेवले. जनगणनाही खानदेशीची वेगळी नोंद करते. २०११ मध्ये १६ लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा अहिराणी सांगितली. पूर्वेकडे बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला तर निहाली नावाची भाषा आहे. तिचे नाते जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी नक्की जुळत नाही, आणि ती बोलणारे जेमतेम काही हजार उरले आहेत.

आता थोडे आपल्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी २९ लाख होते. उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. म्हणजे राज्यातल्या प्रत्येक दहा मुसलमानांमागे चार जण तरी घरात दुसरे काही बोलतो असे सांगतात. कोकणातले घर असेल, आमच्याकडचे तडवी घर असेल, कुठले दखनी बोलणारे घर असेल. मुसलमान म्हणजे उर्दू हे समीकरण बाहेरच्यांनी केले तसे आपणही केले, पण ते आकड्यांनाच मान्य नाही.

याचा अर्थ उर्दू परकी असा कोणी काढू नये. उर्दूवर माझे प्रेम आहे, तिने मला रोजी दिली आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की भाषा एकमेकींच्या घरी नेहमीच राहत आल्या आहेत. खरीप, रब्बी, हंगाम, जिरायत, बागायत, जमीन, तालुका, जिल्हा हे शब्द काढून टाकले तर मराठी शेतकऱ्याला सात-बाराही वाचता येणार नाही, आणि हे सगळे अरबी-फारसीतून आलेले. 'मशागत' हा तर मूळचा 'मशक्कत'. आणि आमच्या घरच्या बोलीकडे पाहा. "आजच आना" म्हणताना येणारा 'च' मराठीचाच. शेजारधर्म असा शब्दांनीही पाळला जातो.

रकान्याची किंमत

आता चाचांच्या मुलाची हकीकत.

तडवी भिल्ल हे मुसलमान आणि आदिवासीही. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद मुसलमान भिल्ल अशी आहे. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्ल समूहाच्या नोंदीत पावरा, वसावे यांच्याबरोबर तडवी हे नाव आहे. इथे एक गोष्ट आपल्या अनेक वाचकांना माहीत नसते. अनुसूचित जातींच्या बाबतीत धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींच्या बाबतीत तशी अट नाही. आदिवासी माणूस कोणत्याही धर्माचा असला तरी त्याची जमात तीच राहते. तडवी माणूस नमाज पढतो, रोजे ठेवतो, त्याचा निकाह काझीसाहेब पढवतात आणि तरी तो कायद्याने आदिवासी असतो.

पण हे सिद्ध करायला कागद लागतो. राखीव जागेवरच्या नोकरीसाठी जमातीचा दाखला पुरत नाही, त्याची पडताळणी होते. तिथे जुना पुरावा मागतात, आणि ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा असेल तर त्याला मोठे वजन असते, कारण अनुसूचित जमातींचा आदेश त्या दिवशी निघाला. गरिबाच्या घरात इतका जुना कागद कुठला? ना जमीन, ना खरेदीखत. असते ती फक्त गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधली एक ओळ.

चाचांच्या वडिलांची अशी ओळ सापडली. चाळीसच्या दशकातले रजिस्टर, मोडी लिपीत. जातीच्या रकान्यात स्पष्ट 'तडवी'. पण चाचांच्या स्वतःच्या नोंदीत त्याच रकान्यात 'मुसलमान' लिहिलेले होते. बापाची नोंद एक आणि मुलाची दुसरी. नातवाचे प्रकरण तिथे अडकले. मुलाखत झाली होती, नाव यादीत लागले होते. वर्षभर हेलपाटे झाले. पडताळणी वेळेत झाली नाही आणि जागा दुसऱ्याला गेली. आज तो मुलगा केळीच्या ट्रकवर हमाली करतो. ज्या मास्तरांनी ते लिहिले त्यांना कुणाचे वाईट करायचे नव्हते. नाव मुसलमानी दिसले, त्यांनी 'मुसलमान' लिहिले आणि पुढच्या मुलाला हाक मारली. मी वीस वर्षे मातृभाषेच्या रकान्यात नेमके तेच करत होते.

मातृभाषेच्या नोंदीने जमात सिद्ध होते असे मी म्हणत नाही. पण कागदावरून तडवी हा शब्द एकेका रकान्यातून पुसला जातो तेव्हा त्या माणसांचा इतिहासही तितकाच पुसला जातो, हे त्या दिवशी मला कळले. त्या मुलीच्या फॉर्मवर मी 'तडवी' लिहिले. तिचे आजोबा शेजारी उभे राहून ते अक्षर अक्षर वाचत होते.

वर्गात काय बदलले

ती मुलगी पहिले तीन महिने वर्गात बोलतच नव्हती. मी उर्दूत विचारले की मान खाली. मला वाटे, मंद असावी. एकदा मराठीच्या तासाला शेतीचा धडा होता. मी विचारले, "घरी केळीला पाणी कोण देते?" ती उभी राहिली आणि आपल्या बोलीत सांगू लागली. आजोबा रात्री बारे द्यायला जातात, वीज रात्रीच येते, साप निघतात म्हणून काठी आपटत चालतात, ठिबकची नळी उंदीर कुरतडतात मग तिथे कसे बांधायचे. पाच मिनिटे ती थांबली नाही. सगळा वर्ग ऐकत होता. मंद ती नव्हती, तिची भाषाच वर्गात येऊ दिलेली नव्हती.

त्यानंतर मी एक साधी वही सुरू केली. प्रत्येक पानाच्या वर एक वस्तू: भाकरी, पाऊस, विळा, आजी, घड, पाट. खाली मुलांनी आपापल्या घरचा शब्द लिहायचा, मग उर्दू शब्द, मग मराठी. मुले घरी जाऊन दादीला, नानीला विचारू लागली. एका मुलाची दादी म्हणे आनंदाने रडली, कारण तिच्या माहेरचा शब्द कुणी तिला चाळीस वर्षांनी विचारला होता. गंमत म्हणजे, मुलांचे उर्दू सुधारले. घरचा शब्द आधी मान्य केला की नवा शब्द शिकायला मूल घाबरत नाही. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही म्हणते की शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे. आमच्याकडे तडवीची किंवा पावरीची पुस्तके नाहीत. पण पुस्तके येईपर्यंत शिक्षकाने निदान कान तरी उघडे ठेवावेत.

सगळे सुरळीत झाले असे नाही. काही पालक रागावले. "आम्ही मुलाला गावठी बोलायला शिकवायला उर्दू शाळेत घातले का?" असे एक वालिद मला म्हणाले. त्यांचा राग मी समजू शकते. ज्या बोलीने माणसाला बाजारात आणि कचेरीत हसू करून घ्यावे लागले, ती मुलांना लागू नये असे त्याला वाटणारच. मी त्यांना एवढेच म्हणाले, "भाईजान, मुलाला उर्दू येईल, मराठी येईल, इंशाअल्लाह इंग्रजीही येईल. पण आजीशी बोलायला त्याला तिचीच बोली लागेल ना?" ते पटले की नाही मला माहीत नाही. मूल अजून आमच्याच शाळेत आहे.

आपल्या हातात काय आहे

२०२७ ची जनगणना येते आहे. मातृभाषा विचारली जाईल. यावेळी जातीचीही नोंद होणार असल्याचे सरकारने जाहीर केले आहे. मोजणी करायला येणारी व्यक्ती बहुधा माझ्यासारखी एखादी शिक्षिकाच असेल. तिला शंभर घरे उरकायची असतील, ऊन असेल, तिचे पेन घाईत असेल. तिने नाव पाहून आपल्या मनानेच काही लिहू नये, हे पाहणे आपल्या हातात आहे.

म्हणून वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, या तीन गोष्टी करा. पहिली, जनगणनेत आपल्या घरात आई मुलाशी खरोखर जी बोली बोलते तिचे नाव सांगा. ते उर्दू असेल तर अभिमानाने उर्दू सांगा. तडवी, अहिराणी, कोकणी, दखनी, मराठी असेल तर तेही तितक्याच अभिमानाने सांगा. दुसरी, मुलाचे नाव शाळेत घालताना दाखल-खारीज रजिस्टरमध्ये काय लिहिले ते त्याच दिवशी स्वतः वाचा, आणि वाचता येत नसेल तर वाचून घ्या. तडवी कुटुंबांनी तर हे कटाक्षाने करावे. शाळा सोडल्यानंतर ती नोंद दुरुस्त करणे फार अवघड असते. तिसरी, घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून शेतीचे, पाण्याचे, स्वयंपाकाचे शब्द मुलांना लिहून घ्यायला सांगा. एक वही पुरते.

ती मुलगी आता आठवीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या धाकट्या भावाचे नाव घालायला चाचा परत आले होते. मी फॉर्म भरायला घेतला. मातृभाषेच्या रकान्यापाशी आले तेव्हा त्यांच्याकडे पाहिले आणि विचारले, "चाचा, काय लिहू?"

ते म्हणाले, "आता विचारता ना, मॅडम. तेवढे पुष्कळ झाले." मग जरा थांबून त्यांनी नातवाला पुढे केले. "यालाच विचारा."